शुक्रवार मी ठरवला

पोरीच्या शाळेच्या कमिटीवर तुम्ही गेलासा कसं, असं बायकोनं इचारलं तवा मी खरं ते सांगितलं. मानेमुळं गेलो.

माझी चौथीतनं शाळा सुटली. तवापासनं एक सवय लागल्या. समोरचं माणूस काय बोलतंय ते कळंना झालं की मी मान हलवतो. मान हलवली की माणूस खूश हुतंय, बोल बोल बोलतंय आणि दमून गप बसतंय. मी आचारी हाय, मटणाचा. ह्या मानेपायी एकदा बिद्रीकडं गेल्यावर एकाच दिवसाच्या दोन लग्नांचं जेवण कबूल करून आलतो. दोन्ही मांडवात वऱ्हाड उपाशी, आणि मी मधल्या रस्त्यावर टेम्पोत तांबडा रस्सा घिऊन उभा. त्यातनंबी शिकलो न्हाय.

तर शाळेतनं निरोप आला, मोठ्या सिस्टरनी बोलवलंय. शाळा सिस्टर लोकांची, इंग्रजी. पोरगी सातवीत. मला वाटलं हिनं कुणाचं तरी डोकं फोडलं. माफी मागायची तयारी करूनच गेलो. सिस्टर म्हणाल्या, बसा, आणि चहा मागवला. मी आणखीनच घाबरलो. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकानं आधी चहा मागवला की समजायचं, तक्रार मोठी हाय.

सिस्टर म्हणाल्या, "आपल्या शाळेत सगळ्या घरांतली मुलं आहेत. पण मीटिंगला येणारे पालक सगळे एकाच छापाचे. डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक. आम्हाला तुमच्यासारखे पालक हवेत."

"आमच्यासारखं म्हंजे कसं?"

सिस्टर जरा अडखळल्या. "म्हणजे, वेगळे."

"वेगळं म्हंजे अडाणी की, सिस्टर."

"असं नाही हो."

"असू दे. खरं हाय ते."

मग त्यांनी लई वेळ समजावून सांगितलं. डायव्हर्सिटी, इन्क्लूजन, आणि तिसरा एक शब्द हुता, त्यो मला अजून म्हणता येत न्हाय. मी बिस्किट चहात बुडवलं, ते बुडालं ते वर आलंच न्हाय, मी बोटानं शोधत हुतो. त्या नादात मान कवा हलली मला कळलं न्हाय. सिस्टर म्हणाल्या, "थँक्यू. पुढच्या शनिवारी चार वाजता मीटिंग."

आता पोरीचं सांगतो.

माझा आवाज मोठा हाय. चुलीपाशी उभं ऱ्हाऊन मांडवाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला मीठ मागायचं म्हंजे आवाज मोठाच हुतोय. पोरगी लहान असताना मी गेटवरनं हाक मारायचो, तर आतनं चार वर्गांच्या बाई बाहेर यायच्या. पाचवीत गेल्यावर पोरीनं मला गेटवरनं हलवलं. "पप्पा, तुम्ही कोपऱ्यावर झेरॉक्सच्या दुकानापाशी थांबा." घरात मी आप्पा. शाळेच्या रस्त्याला लागलं की पप्पा.

मी थांबायला लागलो. तीनचाकी टेम्पो, मागं पातेली, पुढं मी. एक दिवस तिच्यासंगं दोन नव्या मैत्रिणी कोपऱ्यापर्यंत आल्या. त्यातली एक मला म्हणाली, "अंकल, तुम्ही आम्हाला पण सोडाल का? आमचा रूट तोच आहे."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी पोरीकडं बघितलं. ती खाली बघायला लागली. मग मी काय केलं? मान हलवली. वर म्हटलं, "घरात इचारून सांगा."

तवापासनं शाळेत मी टेम्पोवाले काका. पोरीनं दुरुस्त केलं न्हाय, मीबी केलं न्हाय. घरी आल्यावर ती गप्प बसली, म्हणून मी चेष्टा केली. "बाईसाहेब, उद्या गाडी किती वाजता लावू?" ती रडायलाच लागली. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की मी टेम्पो धुवायला खाली गेलो. धुतलेला टेम्पो परत धुतला.

त्यामुळं कमिटीचं सांगितलं तवा पोरीनं ताट सारलं.

"म्हणजे तुम्ही आत येणार?"

"बोलवलंय की."

"कुणाचे पप्पा म्हणून येणार?"

मी तिचं ताट परत पुढं सारलं. मी म्हटलं, "कुणाचाच न्हाय. नुसता येऊन बसतो. तोंडच उघडत न्हाय."

"शप्पथ?"

"शप्पथ."

आता तुम्हीच सांगा. शाळेत कुणाला परकं वाटू नये म्हणून कमिटी. आणि कमिटीतल्या माणसानं आत जायच्या आधी घरात शपथ घ्यायची, की मी कुणाचा कोण न्हाय.

कमिटीत माझ्यासारखा वेगळा आणखी एक हुता. रिक्षावाला, मुसलमान, माझा मंगळवार पेठेतला जुना दोस्त. त्यो खरोखरच पोरं न्यायचा. बाकी मंडळी शिकलेली. त्यात एक इंजिनिअर पावणं हुतं, ते लॅपटॉप उघडल्याबिगर बोलायचं न्हाय. पहिल्या मीटिंगला त्यांनी भिंतीवर रंगीत गोल दाखवला. ह्या रंगाची पोरं इतकी, त्या रंगाची इतकी. दोस्त माझ्या कानात म्हणाला, "तू कंच्या रंगात?" मी म्हटलं, "मी रश्श्यात." त्यो हसला आणि सिस्टरनी आमच्याकडं बघितलं. चौथीत मला असंच बाकावर उभं केलतं. त्यानंतर मी गप्प.

दोन मीटिंगा मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यात मी एवढा गप्प नुसता दाढ काढल्यावर बसलोय. दर दहा मिंटाला कुणीतरी म्हणायचं, आपण सगळ्यांना सामावून घेतलं पाहिजे. मग सगळी म्हणायची, व्हय, घेतलं पाहिजे. मग बिस्किटं. कुणाला, कसं, कवा, ह्यातलं काय ठरायचं न्हाय. घरी गेलो की पोरगी दारात. "बोललात?" "न्हाय." "नक्की?" "नक्की." असं वाटायचं मीच सातवीत हाय.

तिसऱ्या मीटिंगला सिस्टर म्हणाल्या, आपण सगळ्या पालकांची आणि मुलांची एक पंगत करूया. सगळे एका रांगेत बसून जेवतील. इंजिनिअर पावणं म्हणालं, "मग शुद्ध शाकाहारी ठेवू. म्हणजे कुणाचाच प्रश्न नाही."

आता मटणाच्या आचाऱ्यापुढं हे बोलायचं व्हय? तरी मी दात दाबून बसलो. पण माझी नजर सिस्टरांकडं गेली. त्या चौघी बायका दर कार्यक्रमाला आमच्या लोकांसाठी पुरी-भाजी खात्यात. एकदा तरी त्यांच्या आवडीचं कुणी इचारलंय काय? माझी शपथ तिथं मोडली.

मी म्हटलं, "पावणं, सगळ्यांना सामावून घ्यायचं म्हंजे सगळ्यांस्नी बटाट्याची भाजी घालायची व्हय? भाजीची पंगत करू, मटणाची करू, रांग एकच ठेवू. ज्याला जे पायजे ते त्याच्या पानात."

सगळी माझ्याकडं बघायला लागली. म्हंजे त्यास्नी वाटत हुतं मला बोलता येत न्हाय. मग कोण तरी म्हणालं, पण वार कुठला? आणि तिथं तर माझी गाडी सुटलीच.

आमच्या घरात वाराचं काय न्हाय. आज्जानं धम्म घेतला तवा देव सोडलं, आणि देवासंगं देवाचे वारबी सोडलं. पण धंद्यामुळं साऱ्या गावाचे वार मला पाठ हाईत. आचाऱ्याला ते लागतंय. मटण शिजल्यावर माणसं वार आणि आडनाव इचारत न्हाईत, शिजायच्या आधी दोन्ही इचारत्यात. आडनावाला मी चेष्टेनं उत्तर देतो, वाराला चेष्टा चालत न्हाय.

मी उभा ऱ्हाऊनच सांगितलं. सोमवार शंकराचा. मंगळवार गणपतीचा आणि देवीचा. गुरुवार दत्ताचा. शनिवार मारुतीचा. रविवार शाळेला सुट्टी, सिस्टरांची प्रार्थना, आणि जोतिबाचं करणारी निम्मी पेठ. ऱ्हायलं बुधवार आणि शुक्रवार. बुधवारी मैदानावर पोरांची कवायत. मग शुक्रवार. शुक्रवारी देवीचं करणाऱ्या थोड्या बायका असत्यात, त्यास्नी भाजी.

इंजिनिअर पावण्यांनी सगळं लॅपटॉपमधी घेतलं आणि टाळ्या वाजवल्या. मला इतकं बरं वाटलं की पाय जमिनीला लागंनात. सिस्टर काहीतरी म्हणत हुत्या. मी म्हटलं, "सिस्टर, तुम्ही बसा. वारांचं माझ्यावर सोडा." त्या बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी परत हात वर केला. मी म्हटलं, "बसा की, सिस्टर. मटण मीच करतो, तुम्ही काळजीच करू नका." दोस्त त्या दिवशी आला न्हवता, त्याची रिक्षा गॅरेजला हुती. परीक्षेच्या आधीचा एक शुक्रवार इंजिनिअर पावण्यांनी धरला आणि मीटिंग उठली.

घरी पोरगी दारात. "बोललात?"

मी म्हटलं, "जरासं."

त्या शुक्रवारी सकाळी टेम्पो घिऊन मी गेटमधनं आत गेलो. पहिल्यांदाच. मैदानावर चुली मांडल्या. मटण दोस्ताच्या चुलतभावाच्या दुकानातनं आणलं, म्हंजे मुसलमान पोरांच्या आई-बापांचीबी अडचण न्हाय. एवढा इचार मी केलता. पोरीच्या मैत्रिणी लांबनं हात करून गेल्या, "टेम्पोवाले काका, आज आत?" मी पळी हलवली. पोरगी स्टेजवर माइकपाशी. तिचा आवाज लांब जातोय म्हणून बाईंनी तिला निवेदनाला घेतलं हुतं. आवाज कुठनं आला ते बाईंस्नी ठाऊक न्हवतं. तिनं माझ्याकडं एकदाबी बघितलं न्हाय.

दहाच्या सुमाराला वाढायला आलेल्या आया जमल्या. त्यातल्या एकीला मी म्हटलं, "वैनी, मीठ बघा."

"आज नको. संकष्टी हाय."

"शुक्रवारची?"

"संकष्टीला वार असतोय व्हय, पावणं?"

बाजूच्या दोघींनीबी मान हलवली. त्या समजून हलवत हुत्या. मला वार पाठ हाईत, तिथी पाठ न्हाईत. तिथी गिऱ्हाईकच घिऊन येतंय, आणि कॅलेंडरातलं तिथीचं बारीक अक्षर मला लागत न्हाय. म्हटलं ठीक हाय, वैनी लोकांस्नी आज भाजीबी चालत न्हाय, म्हंजे त्यांचं गेलं. बाकी हाईत की.

एवढ्यात दोस्त पोरं सोडून आला. चुलीपाशी उभा ऱ्हायला. वास घेतला आणि लांब सरकला.

"काय रं, असा का लांब?"

"रोजा हाय की."

मी पळी पातेल्यात सोडली. "रमजान चालू झालं?"

"कवाच. आणि आज जुम्मा. दुपारी आम्ही कोणबी इथं नसणार."

"मग मला सांगायचं न्हाईस?"

"तू इचारलंस कवा? मटण तर माझ्या भावाकडनंच आणलंस. त्यानं सांगितलं न्हाय?"

"त्यानं वजन केलं आणि दिलं."

"त्याला वाटलं असंल तू तुझं बघतोयस."

आता माझ्याकडं सिस्टर तेवढ्या उरल्या. हे सगळं मुळात ज्यांच्यासाठी केलं त्या. मी पंच्याला हात पुसून हापिसात गेलो. म्हटलं, "सिस्टर, एक काम करा. तुम्ही चौघी आज पोटभर जेवा. तुमच्यासाठी नळ्या बाजूला काढल्यात."

सिस्टर टेबलाकडं बघायला लागल्या. मग हळू म्हणाल्या, "आमचा उपवासकाळ चालू आहे. ईस्टरपर्यंत शुक्रवारी आम्ही मांस खात नाही."

"बाकीच्या वारी?"

"बाकीच्या वारी चालतं. फक्त शुक्रवारी नाही."

फक्त शुक्रवारी. मी खुर्चीवर बसलो. बसा म्हणायच्या आधीच बसलो. "मग मीटिंगमधी सांगायचं न्हाई व्हय, सिस्टर?"

"मी दोनदा हात वर केला. तुम्ही म्हणालात, सिस्टर तुम्ही बसा."

"आणि तुम्ही बसलासा?"

"तुमचा आवाज फार मोठा आहे हो," सिस्टर म्हणाल्या. "आणि तुम्ही पहिल्यांदाच बोलत होता. म्हटलं, बोलू दे."

बारा वाजता रांगा बसल्या. मोठी माणसं लांबच लांब रांगेत, सगळ्या धर्माची, सगळ्या जातीची, मांडीला मांडी लावून. संकष्टीच्या बायका केळी घिऊन. रोजेवाल्या दोघी-तिघी आया नुसत्या पोरांपाशी बसायला आलत्या. सिस्टर चौघी, पानात भाजी आणि भात. निम्म्याच्या वर पानं कोरी. एक गोष्ट मानायला पायजे, आजवर ह्या शाळेत एवढी वेगवेगळी माणसं एका रांगेत कुणी बसवली न्हवती. मी बसवली. उपाशी.

इंजिनिअर पावण्यांबरोबर बाहेरचं कोण साहेब बघायला आलतं. पावण्यांचं तोंड उतरलं. ते तरातरा स्टेजवर गेलं, पोरीच्या हातातला माइक घेतला आणि म्हणालं, "सॉरी, थोडा गोंधळ झालाय. हा शुक्रवार नक्की कुणी ठरवला?"

ठरवला तवा टाळ्या ह्यांनीच वाजवल्या हुत्या. पण ते सांगायला मी पुढं गेलो न्हाय. मी पातेल्यामागं खाली बसलो. जाळ सारखा करतोय असं दाखवलं. चूल इझून अर्धा तास झालता. डोक्यात एकच चाललं हुतं, आता कुणीतरी माझ्याकडं बोट करणार, मग इचारणार हा कोण, कुणाचा, आणि पोरीला खाली बघायला लागणार. म्हटलं टेम्पो काढावा आणि झेरॉक्सच्या दुकानापाशी जाऊन उभं ऱ्हावं. ती जागा बरी हुती. तिथं मी काय बिघडवलं न्हवतं.

तेवढ्यात माइकवर पोरीचा आवाज आला. तिनं पावण्यांच्या हातातनं माइक परत घेतला हुता.

"आमच्या आप्पांनी ठरवला."

मी पातेल्याच्या कडेवरनं नुसते डोळे वर काढले.

"ते चुलीमागं बसल्यात, ते आमचे आप्पा. ते कुणाला बोलूच देत नाहीत. घरातबी देत न्हाईत. सिस्टरनाबी दिलं नसंल." इंग्रजी शाळेच्या माइकवर ती घरातलं बोलत हुती, आणि आवाज असा की पार रस्त्यावर. "पण मटण ते चांगलं करत्यात. ज्यांचं आज काय न्हाय त्यांनी इकडच्या रांगेत या. पोरांचं कुणाचं काय नसतंय. पाय मुडपून बसा."

पहिल्यांदा सिस्टर हसल्या. मग सगळी हसली. जुम्म्याला निघालेला दोस्त शिट्टी मारायला लागला, रोजा असताना. पोरं उठली आणि मटणाच्या रांगेत येऊन पडली. पोरगी स्टेजवरनं खाली आली, तांबड्या रश्श्याची बादली उचलली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "उठा की आता. वाढायला कोण, मी एकटी?"

मी उठलो. तिच्या मैत्रिणीच्या पानात वाढताना ती पोरगी एकदा माझ्याकडं बघायची, एकदा हिच्याकडं. दोनदा मटण मागून घेतलं.

उरलेलं दोस्त डब्यातनं संध्याकाळच्या इफ्तारीला घिऊन गेला. संकष्टीच्या बायकांनी इचारलं, उद्या चालंल काय. मग त्यांच्याच ध्यानात आलं, उद्या शनिवार. नळ्या सिस्टरनी फ्रिजात ठेवून घेतल्या आणि शनिवारी खाल्ल्या. मी गरम करून खायला सांगितलं हुतं. निरोप आला, मीठ जरा कमी हुतं. बरोबर हाय, मीठ कुणी बघितलंच न्हवतं.

कमिटीतनं मला काढतील असं वाटलं. काढलं न्हाय. आता सिस्टरनी नवीन पद्धत काढल्या. काय ठरवायचं असलं की टेबलाभोवती एकेकानं आपापलं सांगायचं, आणि मी सगळ्यांच्या शेवटी. ह्यात दोन तास जात्यात. एका बाईंचा नुसता चातुर्मास वीस मिंट चालला. बिस्किटं संपत्यात, माझी पाळी येत न्हाय, आणि आली की माझं सांगायचं काय नसतंय. आमचं वाराचं काय न्हायच. तरीबी सिस्टर थांबत्यात. "सांगा." मी म्हणतो, "काय न्हाय." त्या म्हणत्यात, "मग काय नाही, असं लिहा." आणि इंजिनिअर पावणं लिवतंय.

पोरीचं म्हणाल तर ती त्या शुक्रवारी घरी येताना टेम्पोत मांडीवर बादली धरून बसली. मी चेष्टा केली न्हाय. करायची लई इच्छा हुती, बायकोची नजर आठवली. सोमवारी सकाळी शाळेच्या रस्त्याला लागल्यावर मी सवयीनं झेरॉक्सपाशी ब्रेक मारला. ती उतरली न्हाय.

"पुढं घ्या. नारळवाल्यापर्यंत."

नारळवाला गेटच्या अलीकडं बसतोय, तीस-एक पावलांवर.

"गेटवर न्हाय?"

"नारळवाल्यापर्यंत. आणि हॉर्न वाजवायचा न्हाय."

मी तिथं टेम्पो लावला. मैत्रिणी उभ्याच हुत्या. ती मटणवाली पोरगी पुढं आली. "अंकल, मग हा टेम्पो कुणाचा?"

म्हटलं, "माझाच."

"आणि ही?"

"हीबी माझीच की."

नारळवाल्यानं कोयता थांबवून आमच्याकडं बघितलं. पोरगी दात आवळून म्हणाली, "आप्पा, हळू बोला."

मैत्रिणींच्या समोर, आप्पाच म्हणाली. मी हळूच बोललो हुतो. माझं हळू तेवढंच असतंय.